सनमायकाचे उडालेले कोपरे घरच्या घरी कसे भरायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सुतारकामातलं कळणाऱ्यांची मदत हवीये. नुकतंच नाशिकहून पुण्याला घर हलवलं आणि सामान उतरवताना फर्निचरचे कोपरे गेले. दोन-तीन सुतारांना विचारलं पण एवढ्याशा कामाला कोणी यायला तयार नाही, एक जण येऊन बघून गेले आणि म्हणाले की वरचा सगळा सनमायका बदला नाहीतर टेबलच नवीन घ्या. मला ते अजिबात करायचं नाहीये कारण टेबल अजून दणकट आहे, लेक त्यावरच अभ्यास करते, आणि एका कोपऱ्यासाठी अख्खं टेबल टाकून द्यायचं हे मनाला पटतच नाही.

आता काय काय झालंय ते नीट सांगते. अभ्यासाचं टेबल प्लायवूडचं आहे, १९ एमएमचा प्लाय आणि त्यावर अक्रोडी रंगाचा मॅट सनमायका. पुढच्या उजव्या कोपऱ्याचा रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडालाय, खालच्या प्लायचा वरचा पापुद्राही गेलाय. उडालेला तुकडा मिळाला नाही. जी कड राहिलीये ती इतकी धारदार आहे की लेकीचा हात दोनदा खरचटला, सध्या चिकटपट्टी लावून ठेवलीये.

कपाट मात्र रेडीमेड आहे, पार्टिकल बोर्डचं. त्याचा खालचा कोपरा आपटून भुसभुशीत झाला आणि आता लादी पुसताना पाणी लागून फुगायला लागलाय, बोट लावलं की भुसा गळतो. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच आहे. आणि त्याच कपाटाच्या ड्रॉवरची कडेची पीव्हीसी पट्टी सुटलीये, पट्टी अख्खी आहे फक्त लोंबतेय.

हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर एक म्हणतो फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरा, दुसरा म्हणतो एम-सील (दोन भाग मळून लावायची लांबी) लावा, तिसऱ्याने अराल्डाइट (दोन ट्यूबचा कडक होणारा गोंद) हातात दिलं. तिन्हीतलं नक्की कुठे काय वापरायचं? रंग जुळवायचा कसा? फुगलेला बोर्ड परत बसतो का? घरात काचपेपर, कटर, कानस आणि इस्त्री एवढंच आहे, ड्रिल वगैरे नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, टेबलाचं काम घरी होण्यासारखं आहे, सुतार नाही मिळाला तरी काही अडत नाही. आधी टवक्याच्या कडेला जो सनमायका सुटा झालाय तेवढाच कटरने कापून टाका, ओढून काढू नका, ओढला की चांगला भागही सोबत निघतो. मग टवक्याच्या अगदी कडेपर्यंत मास्किंग टेप लावा. हे का सांगतोय तर सनमायकाचा रंग आणि नक्षी म्हणजे वरचा एक पातळ छापील कागद असतो, त्याच्या खाली सगळा तपकिरी कागदाचा थर, काचपेपर चुकून चांगल्या भागावर फिरला तर तो डाग परत जात नाही.

भरायला अराल्डाइट घ्या, साधं, झटपट सुकणारं नको. दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात, त्यात बारीक चाळलेला भुसा घालून घट्टसर करा. कोपऱ्याला आकार यावा म्हणून दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा लावा आणि त्यावर आतून दुधाची पिशवी कापून गुंडाळा, त्या प्लास्टिकला अराल्डाइट धरत नाही, सुकल्यावर सहज सुटतं. पातळीपेक्षा किंचित वर भरा आणि रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी कानस मारताना नेहमी बाहेरून आत, बोर्डाच्या दिशेने मारा. उलटी मारली तर कानस सनमायका उचलते आणि नवा टवका उडतो. मग २२० नंबरचा काचपेपर, शेवटी ४००.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, फक्त भुसा-फेविकॉलबद्दल सांगते. त्यात पाणी असतं त्यामुळे सुकताना आकसतं, खिळ्याचं भोक भरायला छान पण कोपऱ्याला धक्का लागला की निघून येतं. एम-सील कोपऱ्याला चालतं, दोन्ही भाग एक रंग येईपर्यंत मळायचे आणि घट्ट व्हायच्या आत ओल्या बोटाने गुळगुळीत करून घ्यायचं म्हणजे घासायचं काम वाचतं. पण करड्या रंगाचं असतं, वरून रंगवावं लागणारच.

रंगासाठी माझी पद्धत अशी की आधी लाकडाचा जो सगळ्यात फिका रंग दिसतो तो अ‍ॅक्रिलिकने द्यायचा, सुकला की बारीक ब्रशने गडद रेषा बाजूच्या नक्षीला जोडून ओढायच्या आणि वरून मॅट क्लिअर लॅकर. चमकणारं घेऊ नका, रंग जुळला तरी चकाकीवरून डाग लगेच ओळखू येतो. अराल्डाइटमध्येच रंग कालवायचा असेल तर कोरडी ऑक्साइड पावडर, पाण्याचा रंग त्यात घालायचा नाही, नीट कडक होत नाही.

प्रतिसाद ३

कपाटाचं आधी बघा, टेबल थांबेल. फुगलेला पार्टिकल बोर्ड परत बसत नाही, हे खरंच आहे. आतला भुसा दाबून चिकटवलेला असतो, पाण्याने एकदा मोकळा झाला की झाला. त्यामुळे पंखा लावून पूर्ण सुकू द्या, ओलाव्यावर काहीही भरलं तरी सुटणार. मग कडक थर लागेपर्यंत भुसभुशीत भाग खरवडून काढा, उरलेल्यावर थेंब थेंब फेविक्विक सोडा, ते आत मुरून कण धरून ठेवतं. खिडकी उघडी ठेवा आणि कापसाने पुसायला जाऊ नका, कापसावर ते चांगलंच तापतं. वरून एम-सील. आणि मुख्य म्हणजे बोर्डाची खालची उघडी कड ऑइल पेंटने बंद करा आणि कपाटाखाली प्लास्टिकचे बुश (कपाट लादीपासून उचलून धरणारे छोटे पाय) ठोका, नाहीतर लादीच्या पाण्याने दुसरा कोपरा जाईल.

पट्टी सोपी आहे. तिच्यामागे जुना गोंद असेल तर वर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री हलकी फिरवा आणि लाकडाच्या ठोकळ्याने दाबून धरा, जास्त तापली तर पीव्हीसी वाकडी होते. गोंद गेला असेल तर फेविकॉल एसआर ९९८, दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडा. हा गोंद पटकन पेट घेतो म्हणून गॅस, देवापुढचा दिवा सगळं बंद ठेवून करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट लिहिलंत! कपाट रिकामं करून आडवं केलंय, खालची कड सगळी उघडीच निघाली, रंग वगैरे काहीच नाही. आता सुकू देते, मगच पुढचं.

एक विचारायचं राहिलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले तर सनमायकाच्या दुकानात सॅम्पलचा छोटा तुकडा मागता येईल का? तोच रंग मिळाला तर टवक्याच्या जागी सरळ रेषेत चौकोनी कापून बसवता येईल असं वाटतंय.

प्रतिसाद १

मिळतो की, बिनधास्त मागा. टेबलाचा फोटो नको, ड्रॉवरची दर्शनी फळी त्याच सनमायकाची असेल तर ती काढून सोबत घेऊन जा आणि दुकानाबाहेर उजेडात जुळवा. जाडी १ एमएमचीच बघा, ०.८ चा घेतला तर खड्डा राहील. कापताना नक्षीची दिशा टेबलासारखीच ठेवा. खालचा प्लाय मात्र आधी अराल्डाइटने सपाट करून घ्यावा लागेल. आणि टोक गोल घासून टाका, लेकीचा हात परत लागायला नको.