खुर्ची भरते, पण शिकवणारा सहज मिळत नाही

'चांगला अधिकारी नोकरी सोडून विद्यापीठात शिकवायला गेला की शासनाचं नुकसानच होतं,' असं मत अनेकदा ऐकू येतं; मला ते अजिबात पटत नाही. रिकामी झालेली खुर्ची आज ना उद्या भरते. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं मात्र पुढची कित्येक वर्षं निर्णय घेत राहतात.

धोरणाचे टप्पे पुस्तकातूनही कळतात. पण समोर वित्त विभागाचा आक्षेप, विधी विभागाचं मोघम मत, एका नागरिकाचा तक्रार अर्ज आणि सकाळी बैठक असताना एका पानात शिफारस लिहून खाली सही कशी करायची? हा सराव वर्गात तासाभरात करून घेता येतो. सही करायची म्हटलं की मुलं 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे वाक्य खोडतात आणि कोणी, काय, कधीपर्यंत ते लिहितात. हे शिकवायला स्वतः सह्या केलेला माणूसच हवा.

अर्थात नुसत्या आठवणी सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे. (गोपनीय बाबींचं बंधन तर निवृत्तीनंतरही सुटत नाही.) आपला निर्णय चुकीचा ठरवायची मोकळीक विद्यार्थ्यांना देता येणं, हे अधिकाराची सवय झालेल्याला फार जड जातं.

राजीनामा हा एकच मार्ग आहे असंही नाही. फ्रान्समध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयात बरंचसं अध्यापन सेवेतले अधिकारीच करत. पण पूर्णवेळ जाणाऱ्यानं पहिलं वर्ष तरी मुरलेल्या प्राध्यापकाबरोबर जोडीनं शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.