एक्स-रे नॉर्मल असला तरी थांबा

साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात धावण्याचा सराव करताना जांघेत दुखू लागलं, एक्स-रे नॉर्मल आला, आता धावू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: सध्या नाही. खुब्याच्या हाडाच्या मानेतलं (मांडीच्या हाडाच्या खुब्याजवळच्या अरुंद भागातलं) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताण पडून गेलेली बारीक चीर, सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर कळते. चीर मानेच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. खालची बहुतेकदा कुबड्या आणि विश्रांतीवर भरून येते. वरची सरकण्याचा धोका जास्त, तिथे स्क्रू घालायची वेळ येते. आणि कुणीतरी तुम्हाला सुचवलेली एका पायावर उड्या मारून बघायची 'घरगुती तपासणी' कृपया करू नका! निदान होईपर्यंत त्या पायावर भार नको. जमल्यास ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.