राज्यात मानसिक आरोग्य सल्लागार परिषद मागायची का? नाशिकच्या शुभंकरांनी मत द्या

पंचवटीची_ताई

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ शुभार्थी आहे, स्किझोफ्रेनिया, १४ वर्षं झाली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आजार असलेल्या माणसाला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर, मनोरुग्ण वगैरे शब्द घरात नको वाटतात.) आई होती तोवर तिने सगळं निभावलं, आता मी बघते. महिन्यातून एकदा आम्ही नाशिकमधली १५-२० घरं भेटतो, कोणाचा मुलगा, कोणाची बायको, कोणाचे वडील. बोलणं दर वेळी तेच, औषध कुठे मिळालं, गोळी जिभेखाली लपवतो तर काय करू, माझ्यानंतर याचं कोण बघणार. मागच्या भेटीत एक काका म्हणाले हे आपण एकमेकांनाच किती वर्षं सांगत बसायचं, आणि त्यांनी निवेदनाचा मसुदाच करून आणला, की राज्यात मानसिक आरोग्य सेवांसाठी एक सल्लागार परिषद नेमा आणि तिच्यात घरच्या लोकांना घ्या.

मला पटलं, कारण सांगते. मागच्या वर्षी भावाचं एक औषध सरकारी दवाखान्यात सलग दोन महिने नव्हतं. बाहेरून घ्या म्हणाले, घेतलं, पण पाकीट वेगळं गोळीचा रंग वेगळा, त्याला वाटलं कोणीतरी बदललंय, घेणं बंद केलं. पुढच्या महिन्यात त्याने घरातले सगळे बल्ब काढून कपाटात ठेवले कारण त्यातून आवाज येतात. रात्री ३ वाजता मी अंधारात त्याच्याशी बोलत बसले होते. अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर आपल्याकडे उत्तर महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही, राज्यात जी ४ चालू आहेत ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. अशा अवस्थेतल्या माणसाला घेऊन कसारा घाट उतरायचा म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. औषध दोन महिने नव्हतं हे त्या वेळी वर कोणालातरी कळलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

तर सांगा, अशी परिषद मागावी का, तिच्यात कोण असावं, की मुंबईत बसून चहा पिऊन उठतील?

निवृत्त_कोर्टवाला

ताई, बल्बचं वाचून गलबललं. माझी ३० वर्षं कोर्टात गेली, कागद वाचायची सवय आहे म्हणून लिहितो. निवेदन जरूर द्या, पण "परिषद स्थापन करा" एवढंच लिहिलं तर उत्तर येईल की यंत्रणा आधीच आहे, आणि कागदावर ते खरंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ ला. त्यात प्रत्येक राज्यात राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण करायला सांगितलंय. अध्यक्ष आरोग्य खात्याचे सचिव, मग वित्त, समाजकल्याण, विधी खात्याचे अधिकारी, सरकारी नोकरीत नसलेला एक मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स असे. आणि आता हे नीट वाचा, २ जण असे ज्यांना आजार आहे किंवा होता अशांच्या वतीने, २ जण सांभाळणाऱ्यांच्या वतीने आणि २ जण सेवा देणाऱ्या संस्थांचे. म्हणजे तुमची खुर्ची कायद्यात ठेवलेलीच आहे. वर्षातून किमान ४ बैठका, सदस्याची मुदत ३ वर्षं.

आता कायद्यात आहे म्हणून होतंच असं नाही, अंमलबजावणीसाठी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका लढवावी लागली आहे. म्हणून माझं म्हणणं, नवीन परिषदेच्या मागे लागलात तर एक जीआर निघेल आणि सगळ्यांना वाटेल काम झालं. त्यापेक्षा विचारा की त्या २ + २ खुर्च्यांवर आज कोण आहे, त्यातलं मुंबई-पुण्याबाहेरचं कोण, बैठकांचं इतिवृत्त लोकांना वाचायला का मिळत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि औषधाचं, ते तर सरळ कलम १८ मध्ये आहे. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी दवाखान्यात कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत, तीसुद्धा ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे. "बाहेरून घ्या" हे उत्तर कायद्यात बसत नाही. तक्रारीसाठी याच कायद्याखाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं आहेत, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे किंवा निवृत्त, अर्जाला फी नाही.

पंचवटीची_ताई

काका हे मला खरंच माहीत नव्हतं. १४ वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या चढतेय, फुकट औषध हा हक्क आहे असं एकदाही कोणी सांगितलं नाही, आम्ही तर उपकार समजून घेत होतो. कलम १८ चं झेरॉक्स काढून पर्समध्येच ठेवते.

पेठची_सिस्टर

मी आरोग्य खात्यात आहे, पेठ-सुरगाणा बाजूला, नाव नको. कोर्टवाले काकांचं बरोबर आहे पण माझं थोडं वेगळं मत आहे.

प्राधिकरणाचं काम काय तर संस्थांची नोंदणी, दर्जा ठरवणं, तक्रारी घेणं, पोलीस आणि डॉक्टर लोकांना कायद्याचं ट्रेनिंग. गरजेचंच आहे. पण आमच्या पाड्यावरचा माणूस तक्रार करायला येतच नाही हो, त्याला आजार आहे हेच घरच्यांना माहीत नसतं, "बाहेरचं झालंय" म्हणतात. एक बाळंतीण होती, दहा दिवस डोळ्याला डोळा नाही, बाळाला जवळ घेईना, एकटीच बोलायची. भगताकडे नेली. मी भगताशी भांडले नाही, त्याच्याच ओट्यावर बसले, म्हटलं बाबा तुमचं तुम्ही करा पण हिला झोपेची गोळी तरी देऊ द्या, आणि त्यानेच नवऱ्याला सांगितलं की सिस्टरबरोबर जा. ती बाई आज मिरच्या विकायला बाजारात बसते. आता मला सांगा ह्या भगताला कुठल्या समितीत जागा आहे? मी चेष्टा करत नाहीये, मनापासून विचारतेय. आमच्याकडे आजाराची पहिली खबर त्याला लागते, मग आशाताईला, मग मला, आणि डॉक्टरला सगळ्यात शेवटी.

दुसरं भाषेचं. सुरगाण्यात कोकणा बोलतात. जीव घाबरतो, मन लागत नाही हे माणूस आपल्या बोलीतच सांगतो, शहरात डॉक्टरसमोर प्रमाण मराठीत त्याला फक्त "डोकं दुखतं" एवढंच सांगता येतं, मग डोकेदुखीचीच गोळी मिळते. आणि सुरगाण्याहून नाशिक ८०-९० किलोमीटर, सोबत एक जण लागतोच, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांसाठी दोघांची मजुरी बुडते. तिसऱ्या महिन्यापासून येत नाहीत आणि आम्ही रजिस्टरमध्ये "उपचार सोडला" लिहितो. तो सोडत नाही, त्याला परवडत नाही.

हे सगळं ऐकून घेणारं कोणीतरी हवं म्हणून मला सल्लागार परिषद हवी आहे, फक्त ती जिल्ह्याची हवी आणि वर्षातून एकदा तरी तालुक्याला येऊन बसणारी हवी. राज्याची परिषद पेठला येणार नाही.

निफाडचा_बागायतदार

सिस्टर बरोबर बोलल्या. आमच्याकडे वेगळंच आहे, आमच्याकडे पैसा दिसतो म्हणून कोणाला वाटत नाही की इथे दुःख असेल. द्राक्षबाग म्हणजे एकरी लाखांत खर्च आणि एका रात्रीची गारपीट सगळं घेऊन जाते, कांद्याचं तर लासलगावला भाव पडला की घराघरात शांतता होते, कोणी कोणाशी बोलत नाही. २०१५ ला सरकारने प्रेरणा प्रकल्प काढला, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी, चांगला विचार होता, पण तो मराठवाड्यातले ८ आणि विदर्भातले ६ अशा १४ जिल्ह्यांसाठी. नाशिक त्यात नव्हतं. परिषदेत नुसते डॉक्टर नकोत, कृषी खात्याचा माणूस पाहिजे, कारण कृषी सहायक बांधावर येतो, डॉक्टर येत नाही. आणि गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा सचिव, त्याला कोणाचं कर्ज थकलंय ते माहीत असतं. या दोघांना दोन दिवसाचं ट्रेनिंग द्या की माणूस खचलाय हे कसं ओळखायचं, फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा हे कसं सांगायचं.

माझ्या वस्तीवर एकाने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता, वाचला, पण घरच्यांनी सहा महिने कोणालाच दाखवलं नाही, का तर पोलीस केस होईल. हे अजून लोकांना माहीत नाही की २०१७ च्या कायद्याने असा माणूस प्रचंड ताणात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याला उपचार देणं सरकारचं काम. आज तो माणूस माझ्या शेजारी बसून चहा पितो. ज्याला कोणाला आत्ता रात्री हे वाचताना जड वाटत असेल त्याने १४४१६ लावा, टेलिमानस हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः लावलाय, मार्चमध्ये.

एमएसडब्ल्यू_नाशिकरोड

एक मुद्दा अ‍ॅड करतो. निम्हान्सने (बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था) २०१५-१६ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत, महाराष्ट्र त्या १२ मध्ये नव्हता. त्यात साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते असं निघालं. निवेदनात आकडे टाकणार असाल तर हे देशाचे म्हणून टाका, आपल्या जिल्ह्याचे म्हणून नको, आणि आपल्या जिल्ह्याची मोजणी करा हीच एक मागणी ठेवा ना.

दुसरं, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार येतो आणि त्याच्या कलम ६६ मध्ये राज्य सल्लागार मंडळ आहे, कलम ७२ मध्ये जिल्हा समिती. म्हणजे सिस्टरना जे जिल्ह्याचं हवंय त्याला आधार आहे. तिथे मानसिक आजाराच्या वतीने बोलणारं कोणी बसवलंय का ते पण अर्जात विचारा.

गोदाघाट

सिंहस्थ आलाय तोंडावर, २०२७. गर्दीत हरवलेले, कोणी मुद्दाम आणून सोडलेले, बोलता न येणारे लोक घाटावर असणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशा लोकांना बरं करून घरी पोचवते, त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळालाय. कुंभाच्या नियोजनात हे आत्ताच घाला, परिषद होईल तेव्हा होईल.

सातपूर_शिफ्टवाला

मी बायपोलर आहे (मन कधी फार वर, कधी फार खाली), ११ वर्षं. लिथियमच्या गोळ्यांवर आहे, एमआयडीसीत नोकरी करतो. सगळ्यांचं वाचलं, सगळे चांगलं बोलताय, आमच्यासाठीच बोलताय. पण वरपासून इथपर्यंत आमच्यातला एकही बोललेला नाही म्हणून लिहितोय.

कायद्यात २ खुर्च्या आजार असलेल्यांच्या वतीने आहेत असं काकांनी लिहिलं. माझी विनंती आहे त्यावर आजार असलेलीच माणसं बसवा. शुभंकरांबद्दल मला आदर आहे, माझी बायको नसती तर मी आज नसतो. पण तिला जे हवं असतं आणि मला जे हवं असतं ते दर वेळी एक नसतं. तिला हवं असतं मी शांत राहावं. मला हवं असतं की हात थरथरतो त्यावर डॉक्टरने काहीतरी करावं, कारण मशीनवर माझा हात स्थिर लागतो. दहा वेळा सांगितलं तर एकदा लिहून घेतात. लिथियमची रक्ताची तपासणी पण शिफ्ट बुडवून करावी लागते, संध्याकाळी का नाही होत? घरचे ही मागणी करणार नाहीत, त्यांच्या लक्षातच येणार नाही.

त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ५ माहीत आहे का कोणाला? आपण बरे असताना आधीच लिहून ठेवता येतं की मी आजारी पडलो तर काय उपचार चालतील, काय नको आणि माझ्या वतीने कोणी ठरवायचं. मी लिहून ठेवलंय. ते लिहिताना पहिल्यांदा वाटलं की हा आजार माझा आहे आणि त्याच्यावर माझं पण काही चालतं. परिषद, प्राधिकरण, मंडळ काहीही म्हणा, तिने एवढं एकच काम केलं की प्रत्येक तालुक्यात हे लिहून घ्यायला मदत करणारा एक माणूस नेमला, तरी माझ्यासाठी पुष्कळ आहे.

पंचवटीची_ताई

दादा, तुमचं वाचून उठले आणि भावाला विचारलं की तुला सरकारला काय सांगायचंय. १४ वर्षांत हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला गोळीचा रंग बदलणार असेल तर आधी सांगा. हे मसुद्यात पहिल्या ओळीत घालते.

मसुदा बदलतोय आम्ही. राज्याकडे प्राधिकरणातल्या खुर्च्यांची नावं आणि इतिवृत्त मागायचं, जिल्ह्यासाठी तालुक्याला फिरणारी सल्लागार समिती मागायची, त्यात शुभार्थी, आशाताई, कृषी सहायक. सिंहस्थाचं वेगळं पत्र, जिल्हाधिकाऱ्यांना. भगताचं कसं लिहायचं ते सिस्टर तुम्हीच सांगा, मला मेसेज करा. येत्या रविवारी सकाळी १० ला आमच्या घरी सगळे बसतोय, कोणीही या.

सातपूर_शिफ्टवाला

ताई येतो. पण सकाळी १० ला आमच्यातलं कोणी येणार नाही, रात्रीच्या गोळ्यांनी दुपारपर्यंत डोकं जड असतं.

पंचवटीची_ताई

बरोबर आहे, भाऊ पण १२ नंतरच उठतो, तरी माझ्या लक्षात आलं नाही. रविवारी ४ ला या.