ट्रकच्या चाकाचं बेअरिंग काढायच्या 'ड्रिफ्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

पुणेनाका:
मंडळी, एक शब्द हवाय, आणि जरा लवकर. हैदराबाद रोडला आमचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलायला काय काय लागतं त्याची यादी मराठीत लिहून भिंतीला लावतोय, म्हणजे नव्या पोरांना ऐनवेळी शोधाशोध नको. जॅक, घोडी, गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना उटी, चाकाचा पाना, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) नटाचा बॉक्स पाना, टॉमी, पक्कड, पुलर, ऑइल सील, ग्रीस. इथवर भराभर लिहिलं. अडलं ते 'ड्रिफ्ट'वर.

हब उतरवला की रोलरचा भाग हातात येतो, पण बाहेरची कडी हबमध्येच आवळून बसलेली असते. ती मागून पितळी दांड्याने ठोकून काढायची. एक ठोका या बाजूला, एक समोरच्या, नाहीतर कडी तिरकी होऊन अडकते. तो दांडा म्हणजे ड्रिफ्ट. मी यादीत 'पंच' लिहिलं होतं. परवा मी नसताना पोराने टोकदार पोलादी पंच घेतला आणि त्यानेच ठोकलं. कडी निघाली, पण तिच्या बैठकीवर नखाला लागतील असे दोन ओरखडे. मिस्त्री म्हणाले, "हे काय आणलास बे?" पोरगा म्हणाला, "यादीत पंचच लिहिलंय की." खरं होतं त्याचं.

भुईकोट:
सुंबा. आमच्या घरी लोहारकी होती, वडिलांच्या तोंडी हाच शब्द. मूळ फारसी. बंदुकीत दारू ठासायच्या गजालाही सुंबाच म्हणत. म्हणजे ठासणं, रेटणं हा अर्थ त्यात आहेच.

बोरीकाठ:
भुईकोटदादा, सुंब्याने भोक पाडतात. तापलेल्या पट्टीवर ठेवून घण मारला की आरपार. इथे भोक पाडायचं नाही, ढकलायचं आहे. 'सुंबा' लिहिलंत तर पोरगा पुन्हा पोलादीच उचलणार.

विडीघरकुल:
'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' यातला सुंभ तोच का?

भुईकोट:
नाही ताई, तो सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. पीळ दोरीला असतो.

मराठीमाझी:
मुळात 'बेअरिंग' तरी कशाला? मराठीत 'धारवा' हा परिभाषेतला शब्द आहे. धरतो तो धारवा. फिरणारा भाग धरून ठेवतो, भार पेलतो. इतका नेटका शब्द हाताशी असताना भिंतीवर बेअरिंग, हब, पुलर, ड्रिफ्ट अशी रांग लागावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरं जे वाचतील तेच बोलतील. आपणच लिहिलं नाही तर शब्द रुजणार कसा?

उलटेआटे:
ताई, तुमची कळकळ कळते. पण मी २६ वर्षं ट्रक चालवला. रात्री दोनला मोहोळजवळ चाक डुगडुगायला लागलं, हबला हात लावला तर चटका बसला. अशा वेळी क्लीनरला जो शब्द कळतो तो खरा. आणि आमची भाषा नुसती इंग्रजी नाही हो. आटे, वायसर, पाना, उटी हे काय आहे? वायसर आम्ही आमच्या जिभेने घडवलाय.

'पाना' तर मला नेहमी 'स्पॅनर'चंच रूप वाटत आलंय.

बोरीकाठ:
बाहेरच्या कडीला 'वाटी' म्हणा ना! सायकलवाले वाटीच म्हणायचे. वाटी, कोन (वाटीत बसणारा आतला निमुळता भाग) आणि छर्रे. गुडघ्यालाही वाटीच असते. ट्रकच्या पुढच्या चाकात छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर, आत मोठं बेअरिंग, बाहेर छोटं, दोन्ही समोरासमोर. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो, तो पेलायला हा निमुळता आकार. वाटी नवी तर कोनही नवा, जोडी मोडायची नाही.

पुणेनाका:
वाटी पटली. यादीत घेतली. पण ड्रिफ्ट?

सीनामाई:
हबला 'तुंबा' हा शब्द कुणालाच आठवला नाही? बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गोळा. त्यातून आरे निघायचे. आजोबा चाक काढून आसावर एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या चढवायचे आणि त्याला वंगण म्हणायचे. मग ग्रीसला वंगण का नको?

मराठीमाझी, यात तुमचीही बाजू आहे. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं १८९८ चं पेटंट ज्या टिमकेनचं, तो घोडागाड्या बांधणारा होता. वस्तू गाडीतून आली, तर शब्द गाडीतले घ्यायला हरकत काय?

उलटेआटे:
वंगण मान्य. पण तुंब्यात रोलर नसतात, आणि दुकानात तुंबा मागितला तर भोपळ्याचा मिळेल.

बोरीकाठ:
आसाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून जी खीळ असते, तिला आमच्या अक्कलकोट भागात कडाणी म्हणतात. कन्नडच शब्द. कन्नडमध्ये 'कडे' म्हणजे टोक, 'आणि' म्हणजे खिळा. आज ते काम चेकनट आणि स्प्लिट पिन करतात. कैकेयीने रथात हात घातला तो या कडाणीच्याच जागी.

विडीघरकुल:
आमच्या घरी तेलुगूत खिळ्याला 'सीला' म्हणतात. खीळ आणि सीला एकाच घरच्या असतील का?

मराठीमाझी:
खीळ संस्कृत 'कील'वरून आली. सीलाचं तेलुगूच्या जाणकाराने सांगावं. पुणेनाका, 'ठोकणी' कसा वाटतो? पितळी ठोकणी.

पुणेनाका:
मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "पितळी आधी लिहा, मग पुढं काय बी लिहा." आज त्यांनी नवी वाटी बसवली तेव्हा मी जवळ उभा होतो. ठोक्याचा आवाज आधी पोकळ येतो, वाटी तळाला टेकली की एकदम भरीव होतो. ते कान देऊन ऐकतात आणि त्याच ठोक्याला थांबतात. तूर्त 'पितळी दांडा (ड्रिफ्ट)' लिहिलंय.

भुईकोट:
पितळी सुंबा लिहा. दांडा छत्रीलाही असतो.

बोरीकाठ:
भोक, भुईकोटदादा, भोक!

सीनामाई:
बरं, उटी म्हणता ती चाकाखालचा दगड का लाकडी पाचर? आमच्याकडे फक्त दगडालाच म्हणायचे.