मदत हवी आहे: गावच्या घरासाठी जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा?

नारळीबाग
गुहागर तालुक्यात घर आहे, आईबाबा दोघेच असतात. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि २०२० च्या निसर्ग वादळानंतर काय हाल झाले ते कोकणातल्यांना सांगायला नको. या वर्षी मे संपायच्या आत जनरेटर बसवायचाच आहे. दुकानदार ५ केव्हीए (जनरेटरची क्षमता) म्हणतो, गावचा वायरमन म्हणतो २ पुरे, मामा म्हणतो साडेसातचा डिझेल घे. कारण तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. सामान नेहमीचंच: पंखे, दिवे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर, पंप. शनिवारी ॲडव्हान्स द्यायचाय. प्लीज आकडा सांगा.

फेज_न्यूट्रल
ताई, तुमचा आकडा 'पंप' या एका शब्दात अडकलाय. बाकी सगळं मिळून हजार वॅटच्या आतबाहेर जाईल. पंप किती एचपीचा? सिंगल फेज की थ्री फेज? बोअरमधला सबमर्सिबल की विहिरीवरचा मोनोब्लॉक? पॅनेलपासून पंपापर्यंत केबल किती मीटर आणि किती स्क्वेअर एमएमची? फ्रीज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला आहे का? गीझर, एसी आहे का? एवढं कळल्याशिवाय कुणी आकडा दिला तर घेऊ नका.

डिझेल_झिंदाबाद
मामांचं बरोबर आहे. सायलेंट डिझेल, ७.५ केव्हीए, विषय संपला. पेट्रोलचं इंजिन हवेने थंड होतं, तासन्‌तास चालवायला ते नाहीच. डिझेल रात्रभर चालतं, पंप काय एसीसुद्धा उचलतं, आणि डिझेल साठवायला पेट्रोलइतकं धोक्याचं नाही. एकदाच खर्च करा.

फेज_न्यूट्रल
डिझेल दादा, रात्री त्या घरात चार पंखे, फ्रीज आणि दोन दिवे चालणार. ७.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने ६ किलोवॅट. त्यावर ५००-६०० वॅटचा लोड म्हणजे जास्तीत जास्त दहा टक्के. डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली सतत चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, एक्झॉस्टच्या तोंडाशी काळं तेल ओघळायला लागतं. पुढे नोझल आणि रिंगा जातात. 'मोठा घेतला की निवांत' हे डिझेलला लागू नाही.

डिझेल_झिंदाबाद
महिन्यातून एकदा तासभर पूर्ण लोडवर चालवला की सगळं जळून साफ होतं.

फेज_न्यूट्रल
पूर्ण लोड त्या घरात आणणार कुठून? मुद्दाम हीटर जोडावे लागतील. महिन्याच्या महिन्याला ते करायला घरात माणूस हवं.

नऊवा_मजला
सोसायटीसाठी विचार करत असाल तर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे वेगळ्या बसबारवर (वेगळ्या लाईनवर) घ्या आणि एएमएफ पॅनेल (लाईट गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारं) लावा. लिफ्टला व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) असेल तर आल्टरनेटर (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे विजेतली गडबड, सहन करणारा हवा. १ जुलै २०२३ पासून नवीन डीजी (डिझेल जनरेटर) प्रदूषणाच्या सीपीसीबी ४ प्लसच्याच नियमांत बसणारा असावा लागतो, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

नारळीबाग
सोसायटी नाही हो, कौलारू घर आहे. पंप बोअरचा, सिंगल फेज. एचपी बाबांना विचारते. फ्रीज जुना, २५० लिटर. एसी नाही. गीझर गॅसचा. 'पंखे किती, दिवे किती' याची बेरीज करून होत नाही का?

कोकमआगळ
बेरजेने होत नाही, कारण मोटर सुरू होताना जे खेचते ते बेरजेत येत नाही. पंखा ७५ वॅट, एलईडी ९ वॅट, टीव्ही ८० वॅट हे आकडे आहेत तसे धरा. जुना फ्रीज चालताना दीडशे वॅट खातो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजाराच्या आसपास जातो. सिंगल फेज सबमर्सिबल सुरू होताना चालू करंटच्या (चालत असताना घेते त्या करंटच्या) चारपट, कधी पाचपट घेते. तो झटका सेकंदाच्या आतला असतो, पण तेवढ्यात आल्टरनेटरचा व्होल्टेज कोसळला तर मोटर फिरतच नाही, नुसती गुरगुरत राहते. ओव्हरलोड ट्रिप झाला तर नशीब, नाहीतर वाइंडिंग जळतं.

घरात वायरमन असेल त्या दिवशी टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) लावून पंपाचा चालू करंट आणि सुरू होतानाचा करंट दोन्ही मोजून घ्या. साध्या टेस्टरवर सुरुवातीचा आकडा नीट सापडत नाही, 'इनरश' बटण असलेलाच घ्या.

घाटमाथा
उंचीचं कुणी बोललंच नाही. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. महाबळेश्वर १३५० मीटरवर, म्हणजे पंधरा टक्के गेलेच. ५ चा जनरेटर तिथे सव्वाचारचा.

कोकमआगळ
गुहागर समुद्रकाठी आहे, घाटमाथा राव. तिथे उंची नाही, खारी हवा नडते. टर्मिनल आणि सॉकेटवर हिरवट थर येतो, कार्बोरेटरचे स्क्रू गंजतात. जनरेटर वापरात नसताना प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम सुटतो. वर पत्रा आणि बाजूंनी वारा, एवढं ठेवा.

नारळीबाग
पंप दीड एचपी. बाबा म्हणतात केबल ९० मीटर असेल, अडीचची. आता सांगा.

कोकमआगळ
आता हिशोब करता येतो. दीड एचपी म्हणजे शाफ्टवर ११०० वॅट, पण सिंगल फेज सबमर्सिबलची एफिशियन्सी बेताची, म्हणून आत जातात १८००-१९०० वॅट. चालू करंट १० अँपिअर, सुरू होताना ४० धरा. आता केबल बघा. अडीच स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४ ओहम. जाऊन-येऊन १८० मीटर, म्हणजे १.३३ ओहम. चालू असताना १३ व्होल्ट पडतात, ते चालतं. सुरू होताना ५३ व्होल्ट पडतात. महावितरणच्या २३० वर मोटर कशीबशी निघते. जनरेटरचा व्होल्टेज त्याच क्षणी १९० वर आला, तर मोटरपाशी १४०. निघणार नाही.

६ स्क्वेअरची केबल टाकली तर हाच ड्रॉप २२ व्होल्टवर येतो. जनरेटर मोठा घ्यायच्या आधी केबल बदला. त्यानंतरही या पंपाला एव्हीआरवाला (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) ६ ते ६.५ केव्हीए लागेल. पाटीवर 'मॅक्स' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतात, त्यातला रेटेड (सतत मिळणारा) बघा, मॅक्स फक्त थोडा वेळ मिळतो. दुकानदार जो ५ म्हणतोय तो मॅक्स असण्याची शक्यता जास्त.

सूर्यकोश
किंवा पंपाला व्हीएफडी लावा, मोटर हळूहळू सुरू होईल आणि ३ केव्हीएत काम भागेल.

कोकमआगळ
नाही. कॅपॅसिटरवर चालणारी सिंगल फेज मोटर साध्या व्हीएफडीवर चालवत नाहीत, कॅपॅसिटर आणि ड्राइव्ह दोन्ही जातील. त्यासाठी २३० व्होल्टची थ्री फेज मोटर बोअरमध्ये उतरवावी लागेल. मग सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर असा ड्राइव्ह चालतो. पंप कधी बदलायचाच असेल तेव्हा हे जरूर करा, आत्ता नाही.

सूर्यकोश
मग पंप जनरेटरवर घेताच कशाला? पाऊस लागायच्या आधी २००० लिटरची टाकी भरून ठेवा, दोन माणसांना चार-पाच दिवस पुरते. बाकी घर सोलर आणि लिथियमवर. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलसाठी पळापळ नाही.

डिझेल_झिंदाबाद
जुलैत कोकणात सोलर? चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वादळात पॅनेल उडाले तर शेजाऱ्याची कौलं घेऊन जातील.

नारळीबाग
टाकीचं पटलं. म्हणजे २ केव्हीए चालेल ना मग? आईचं मशीन तेवढं रात्री बंद पडता कामा नये, बाकी पंखे नसले तरी चालतील.

फेज_न्यूट्रल
कुठलं मशीन?

नारळीबाग
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देतो तो. मिनिटाला ५ लिटरवाला. ती २ लिटरवर असते, जवळजवळ चोवीस तास. सध्या इन्व्हर्टरवर चालतो, बॅटरी १५० एएच आहे.

फेज_न्यूट्रल
ताई, आता प्रश्नच बदलला. आधी जनरेटर सोडा आणि सिलिंडर बघा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो, २ लिटरच्या फ्लोवर साधारण १२ तास. तसे दोन भरलेले, रेग्युलेटर आणि चावी त्यालाच बांधून. कोणतंही इंजिन एखाद्या दिवशी सुरू होत नाही, तेव्हा हाच आधार. फ्लो डॉक्टरांनी सांगितलाय तोच ठेवा, सिलिंडर पुरवण्यासाठी कमी करायचा नाही.

आता तुमचा इन्व्हर्टर. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट घेतो. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण लेड ॲसिड बॅटरी आणि इन्व्हर्टरचे लॉस वजा जाता हाती येतात ११००. तीन तास. तेही बॅटरी नवी असेल तर. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर कॉम्प्रेसर गरम होतो, प्युअर साइन वेव्हच (महावितरणच्या विजेसारखी वीज देणारा) हवा.

डिझेल_झिंदाबाद
त्यात काय, तासभर जनरेटर चालवायचा, बॅटरी चार्ज करायची, पुढचे तीन तास बॅटरीवर.

फेज_न्यूट्रल
इथेच बरेच जण फसतात. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचा असतो. तासाभरात १५ एएच, म्हणजे १८० वॅट-तास भरणार. त्यावर कॉन्सन्ट्रेटर अर्धा तासही धड चालणार नाही. जनरेटर मोठा घेतला म्हणून लेड ॲसिड लवकर भरत नाही.

शिवाय इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर असेल तर जनरेटरचा वरखाली होणारा व्होल्टेज तो घेतच नाही, बॅटरीवरच राहतो. मागचा स्विच 'नॉर्मल' किंवा 'वाइड' वर करावा लागतो.

सूर्यकोश
म्हणूनच लिथियम म्हणतोय. पॅनेल नकोत, बॅटरी घ्या. एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार), ४८ व्होल्ट १०० एएच म्हणजे ५.१ युनिट. ५० अँपिअरने चार्ज केली की दोन तासांत भरते, चार्जरला ३ किलोवॅट लागतात. कॉन्सन्ट्रेटर त्यावर १२ तास चालेल.

फेज_न्यूट्रल
नुसता कॉन्सन्ट्रेटर असेल तर १२ तास. पंखे आणि फ्रीज धरून ६०० वॅट झाले की सात तासांच्या आत संपली. पण तत्त्व बरोबर आहे, आणि यात ताईंना दोन रस्ते आहेत.

पहिला: २ ते २.२ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर (लोडप्रमाणे इंजिनचा वेग कमी-जास्त करणारा, घरातला इन्व्हर्टर नव्हे), चोवीस तास. ६०० वॅटला तासाला अर्धा लिटर पेट्रोल, दिवसाला १२ लिटर. पंप चालवायचा नाही, टाकीतलं पाणी वापरायचं. कॉन्सन्ट्रेटर आहे त्या साइन वेव्ह इन्व्हर्टरमधूनच चालवायचा, म्हणजे पेट्रोल भरताना खंड पडत नाही. पेट्रोल चालू किंवा तापलेल्या इंजिनमध्ये ओतायचं नाही, बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं.

दुसरा: ६ केव्हीए एव्हीआर जनरेटर आणि लिथियम. दिवसातून तीनदा दोन-दोन तास. आधी पंप चालवून बंद करायचा, मगच चार्जिंग. तासाला दोन लिटर धरले तर तेही दिवसाला १२ लिटरच, पण अठरा तास शांतता आणि पंपही चालतो. खर्च बराच जास्त.

६ चा उघडा जनरेटर घेऊन तो रात्रभर ६०० वॅटवर चालवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तासाला सव्वा-दीड लिटर जातात, दिवसाला तीस-पस्तीस. विनापरवाना पेट्रोल ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि तेही धातूच्या डब्यात, शक्यतो घराबाहेर.

नारळीबाग
पहिलाच परवडेल. बाबा ७४ वर्षांचे आहेत, दोरी ओढायला जमेल?

कोकमआगळ
दोरी नकोच, सेल्फ स्टार्टवालाच मागा. त्याची छोटी बॅटरी पडून पडून मरते, म्हणून महिन्यातून एकदा वीस मिनिटं फ्रीज जोडून चालवा. पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं, जेट चोंदतं, आणि पुढच्या जूनमध्ये नेमका तेव्हाच सुरू होत नाही.

फेज_न्यूट्रल
वायरमनकडून हे करून घ्या. मेन स्विचनंतर टू पोल चेंजओव्हर (महावितरण की जनरेटर हे निवडायचा स्विच), ज्यात न्यूट्रलही तुटतो. कॉन्सन्ट्रेटर, फ्रीज, पंखे, दिवे वेगळ्या छोट्या डीबीवर (डिस्ट्रिब्युशन बोर्डवर), जनरेटर फक्त त्यालाच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून प्लगमध्ये खुपसणं अजिबात नको. तुमचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ११ हजार होतात, आणि वादळानंतर खांबावर चढलेला लाइनमन जिवानिशी जातो.

छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थला जोडलेला नसतो, म्हणून आरसीसीबी (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) गळतीवर ट्रिपच होत नाही. चेंजओव्हर टू पोल असेल तर जनरेटरच्या बाजूला एकाच ठिकाणी न्यूट्रल आणि बॉडी जोडून स्वतंत्र अर्थिंगला न्या. जोडल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहाच, पण ते जोडणीची खात्री देत नाही, जोडणी मीटरने वेगळी तपासा.

जागा: पडवीत नाही, माजघराच्या खिडकीखाली नाही. घरापासून किमान ६ मीटर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराचं तोंड घराच्या उलट. आईंच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, त्यात हा वायू असेल तर तो गाळेल यावर विसंबू नका.

नारळीबाग
खूप धन्यवाद. सिलिंडरसाठी आजच चिपळूणला फोन करते. दुकानदाराला २.२ इन्व्हर्टर टाइप, सेल्फ स्टार्ट, रेटेड लिहून मागते. अजून काही राहिलंय?

कोकमआगळ
ऑइल. पहिलं २० तासांनी बदलायचं, नंतर दर १०० तासांनी. चोवीस तास चालवलात तर १०० तास म्हणजे चार दिवस. बाटल्या आधीच आणून ठेवा, एका वेळी अर्ध्या लिटरच्या आत लागतं. ऑइल कमी झालं की ही इंजिनं स्वतःहून बंद पडतात, आणि रात्री दोनला बंद पडल्यावर दोष शोधत बसायला वेळ नसतो. बाबांना डिपस्टिक बघायला शिकवा, रोज सकाळी, इंजिन बंद करून थंड झाल्यावर.