अनुभव धागा : कॉम्प्युटर बंद पडला आणि ब्राउझर कोरा झाला, मग तुम्ही काय केलंत?

परवा काम ऐन रंगात असताना कॉम्प्युटर गोठला. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना, पंखा मात्र घरघरत होता. दहा मिनिटं वाट पाहून शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. पुन्हा सुरू केल्यावर फायरफॉक्स उघडला तो एका कोऱ्या टॅबसह. तीन आठवडे जमवलेले साठेक टॅब होते, त्यातला एकही दिसेना. पोटात गोळा आला.

अशा वेळी हात शिवशिवतात. बंद करून परत उघडू या, काढून टाकून नव्याने टाकू या, असं वाटतं. मी ब्राउझर बंद केला आणि दुसऱ्यांदा उघडला नाही. विंडोजची कळ आणि आर दाबून, टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून पोचले मोझिला, फायरफॉक्स, प्रोफाइल्स अशा वाटेने. तिथला अख्खा प्रोफाइल फोल्डर (आपले टॅब, बुकमार्क, पासवर्ड सगळं यातच असतं) आधी पेनड्राइव्हवर कॉपी केला.

मग आतला सेशनस्टोअर-बॅकअप्स हा फोल्डर उघडला. फायरफॉक्स चालू असताना उघड्या टॅबची नोंद साधारण दर १५ सेकंदांनी इथल्या रिकव्हरी नावाच्या फाइलीत होत असते. ती आता जेमतेम १ केबीची, म्हणजे त्या कोऱ्या टॅबची. पण शेजारची प्रीव्हियस ही फाइल ४१२ केबी! आदल्या वेळी ब्राउझर नीट बंद केला तेव्हाचे टॅब तिच्यात असतात. प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमधल्या सेशनस्टोअर फाइलीचं नाव बदलून ती बाजूला ठेवली, प्रीव्हियसची प्रत तिथे आणून तिला सेशनस्टोअर हे नाव दिलं आणि ब्राउझर उघडला. सकाळपर्यंतचे सगळे टॅब हजर. दिवसभरात उघडलेले आठ-दहा हिस्टरीतून शोधून घेतले.

मधे एकदा जरी ब्राउझर उघडला असता तरी प्रीव्हियसच्या जागी त्या कोऱ्या टॅबचीच नोंद बसली असती. म्हणून हा धागा. तुमचं काय गेलं, काय परत मिळालं, कशाने मिळालं, सविस्तर लिहा. जे परत मिळालं नाही तेही लिहा.

*

मी क्रोम वापरतो. वीज गेली, आली, परत गेली. त्यानंतर बुकमार्कची पट्टी रिकामी. यूजर डेटा फोल्डरमधल्या डीफॉल्टमध्ये बुकमार्क्स नावाची फाइल असते, ती शोधली. आकार २१४ केबी, म्हटलं सगळं आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर आत एक अक्षर नाही, नुसती मोकळी जागा. नंतर कळलं की लिहिणं चालू असताना वीज गेली तर असं होऊ शकतं. फाइलची लांबी नोंदली जाते, मजकूर डिस्कवर पोचत नाही आणि आत शून्यं राहतात.

तिच्याच खाली बुकमार्क्स डॉट बॅक होती. ती उघडली आणि ओळखीची नावं दिसायला लागली. महिरपी कंस, अवतरण चिन्हं आणि मधूनमधून माझे फोल्डर : पाककृती, करभरणा, वाचायचे लेख. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. क्रोम पूर्ण बंद केला, टास्क मॅनेजरमध्ये मागे काही चालू नाही ना ते बघितलं, बॅकची प्रत काढून तिचं नाव बुकमार्क्स केलं. परत उघडल्यावर पट्टी जशीच्या तशी.

एक सांगतो, घाबरून आधी नवीन बुकमार्क करून बघू नका. सुरू झाल्यावर पहिला बदल साठवताना त्या बॅक फाइलवरच नवी प्रत बसते.

*

खासगी विंडोत होते. काहीही परत मिळालं नाही, मिळणारही नव्हतं, ती नोंद डिस्कवर ठेवलीच जात नाही. चार तासांचं वाचन गेलं. आता महत्त्वाचा दुवा सापडला की लगेच वहीत उतरवते.

*

माझा अनुभव जरा वेगळा, कारण माझं काहीच गेलं नव्हतं आणि तरी मी दोन दिवस रडत होते. क्रॅशनंतर ब्राउझर उघडेना म्हणून फायरफॉक्स काढून टाकला आणि नव्याने टाकला, तोही वेगळ्या फोल्डरमध्ये. उघडला तर सगळं नवं कोरं. मला वाटलं, काढून टाकताना माझ्याच हाताने सगळं पुसलं गेलं.

मोठ्या बहिणीने फोनवर सांगितलं, “ताई म्हणतेस ना, मग ऐक. पत्त्याच्या जागी अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं लिही.” लिहिलं तर यादीत दोन प्रोफाइल! २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून वेगळ्या जागी टाकलेल्या फायरफॉक्सला स्वतंत्र प्रोफाइल मिळतं, जुनं प्रोफाइल मात्र डिस्कवर तसंच राहतं. जुन्यासमोरचं बटण दाबलं आणि माझा ब्राउझर परत आला, पासवर्डसकट.

*

पासवर्डचा विषय निघाला म्हणून लिहितो. काकांचा लॅपटॉप सुरूच होईना. डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली आणि क्रोमचा सगळा यूजर डेटा आणला. बुकमार्क आले, हिस्टरी आली, पासवर्ड एकही उघडेना. विंडोजवर ते पासवर्ड कुलूपबंद असतात आणि कुलपाची किल्ली त्या मशीनवरच्या काकांच्या खात्याशी बांधलेली असते. फाइल हातात असून उपयोग नाही. काकांनी बँकेपासून सुरुवात करून एकेक खातं “पासवर्ड विसरलो” म्हणत सोडवलं. तीन संध्याकाळी गेल्या. त्यांच्याकडे संयम होता म्हणून झालं.

फायरफॉक्समध्ये मुख्य पासवर्ड (बाकीच्या पासवर्डना कुलूप लावणारा) ठेवलेला नसेल तर लॉगिन्स आणि की-फोर या दोन फाइली बरोबर नेल्या की दुसऱ्या मशीनवरही चालतात. एकटी लॉगिन्स नेली तर काही उपयोग नाही. पण याचा अर्थ तुमचा फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्यालाही पासवर्ड मिळतील, तेव्हा ती पेनड्राइव्ह जपा.

*

(धागाकर्ती) कुठल्या फाइली उचलायच्या, असा प्रश्न पडेलच. निवडत बसू नका, अख्खा फोल्डर उचला. फायरफॉक्सची हिस्टरी आणि बुकमार्क प्लेसेस नावाच्या फाइलीत असतात, पण क्रॅश झाल्यावर ताज्या नोंदी शेजारच्या, शेवटी वॉल लिहिलेल्या फाइलीत अडकलेल्या असू शकतात. ती मागे राहिली तर शेवटचं काम मागे राहिलं. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुरुस्तीची कुठलीही आज्ञा द्यायच्या आधी कॉपी.

*

सिंक चालू होतं म्हणून मी निर्धास्त होते. रिकामी झालेली यादी फोनवरही रिकामी झाली. सिंक म्हणजे आरसा आहे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. तेव्हापासून महिन्यातून एकदा बुकमार्क एचटीएमएल फाइलीत काढून ठेवते.

*

आईच्या कॉम्प्युटरवर बुकमार्क गेले होते, फायरफॉक्सवरचे. ती शिवणाचे नमुने जमवते, सात वर्षांचे. मी फोनवर, ती स्क्रीनसमोर. बुकमार्कची व्यवस्था करायची खिडकी उघडायला लावली, त्यात आयात आणि बॅकअप, मग रिस्टोअर. तिथे तारखांची यादी येते. फायरफॉक्स आपणहून अशा १५ पर्यंत प्रती ठेवतो. आईला म्हटलं, “आई, अगदी वरची घेऊ नकोस, ती बिघाडानंतरची असेल. तारखेपुढे किती बुकमार्क आहेत ते वाच.” ती वाचत गेली : ११, ९, ९, मग ६४३. “ही घेऊ?” तिने विचारलं. सध्याचे सगळे जाऊन हे येतील अशी सूचना आली तेव्हा ती थबकली, मीही थांबलो. त्या अकरांत नवं काही आहे का ते आधी बघितलं. दोन होते, बाह्यांचे. ते तिने कागदावर लिहून घेतले आणि मग होय म्हटलं.