घरातली गोळी आणि मुकं जनावर: तुमचे अनुभव

औषधांचा डबा आवरताना आज तळाशी पॅरासिटॅमॉलची अर्धी पट्टी सापडली आणि चिंगी आठवली. आम्ही तेव्हा सांगलीला होतो. मांजरीचं अंग गरम, दोन दिवस तोंडात घास नाही, त्यात रविवार. आईने आम्हाला लहानपणी द्यायची तशीच अर्धी गोळी चमच्यात कुस्करून पाजली. रात्रीपर्यंत तोंड आणि पंजे सुजले. सकाळी डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं, हिरड्या चॉकलेटी. पहिलाच प्रश्न, "तापाची गोळी दिलीत का?" मांजराच्या यकृताला ही गोळी पचवताच येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. उतारा असतो, पण पहिल्या काही तासांतच त्याचा खरा उपयोग. चिंगी दुपारी गेली. आईने पुन्हा मांजर आणू दिलं नाही.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? लिहा, कुणाचं तरी वाचेल.
— पाणंद

अरे देवा. आईंना सांगा, मायेनेच दिली हो त्यांनी.
— शेवंती

आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा. माझी कंबरदुखीची आयबुप्रोफेनची पट्टी, फॉइलसकट चावली. फरशीवर बसून तुकडे जुळवले, सहा गोळ्या कमी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणार होते, डॉक्टर फोनवर ओरडलेच, मिठानेही जीव जातो म्हणून. काळी शी, चार दिवस सलाइन, मूत्रपिंडाच्या तपासण्या. वाचला! उरलेली पट्टी सोबत न्या, डोस त्यावरून कळतो.
— रानजाई

रानजाई, कंबर कशी आहे आता?
— शेवंती

थोडं अवांतर, पण गिधाडांचं हेच झालं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे, मेलेलं ढोर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं बंद. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरत राहिले. म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी 3 मिलीचीच केली. लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. माझ्या पोरांनी गिधाड पाहिलेलंच नाही, फार वाईट वाटतं.
— ओढ्याकाठी

केसांसाठी मिनॉक्सिडिल लावणारे कुणी आहेत का? हे रात्री लावून झोपायचे आणि बोका यांच्याच उशीवर. डॉक्टर म्हणाले, मांजराने उशी चाटली तरी जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी बाटली टाकली. फोन ठेवते, कुकर झालाय.
— दुपारची

@शेवंती बरी आहे गं, वाकताना कळ येते अजून. तू डिंकाचे लाडू सांगितलेस ना, त्यात खारीक किती घालायची?
— रानजाई

पाव किलो डिंकाला अर्धा किलो. आणि लाडूंचा डबा वर ठेव, मनुका घातल्यास तर नक्कीच. कुत्र्यांना त्याही बाधतात.
— शेवंती

आत्ता आईला सगळं वाचून दाखवलं. काही बोलली नाही. उठून डब्यातली पट्टी कपाटात ठेवली आणि किल्ली लावली.
— पाणंद